इअरफोनमुळे कान दुखतोय आणि सतत शिट्टीसारखा आवाज येतोय, काय करावं?

टंकलेखक
वय २९. काम रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याचं, म्हणजे दिवसाचे आठ तास रबरी बोंडांचे इअरफोन कानात. वर लोकलमध्ये गाणी, बऱ्यापैकी मोठ्याने. सध्या उजवा कान दुखतो, चावताना जास्त. दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते, रात्री पंखा बंद केला की ठळक होते. ऐकू येतं, कान वाहत नाही, चक्कर नाही. हे आपोआप बरं होतं का? बोन कंडक्शनवाले हेडफोन घेतले तर काम चालू ठेवता येईल का? घरचे लसणीचं कोमट तेल घालायला सांगताहेत, घालू का?

पोटमाळा
तेल नको. पडदा शाबूत आहे की नाही हे बघितल्याशिवाय कानात काहीच घालायचं नाही. शिवाय पावसाळ्यात तेलाने ओला राहिलेला कान म्हणजे बुरशीला आमंत्रण.

दुखणं आणि वाजणं या दोन वेगळ्या तक्रारी धरा. मोठ्या आवाजाचा मार बसतो तो आतल्या कानाला, आणि तिथली इजा बहुतेकदा दुखत नाही. त्यामुळे दुखण्याचं कारण बाहेर शोधायचं. दोन गोष्टी घरी करून बघा:

१. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा बोटाने दाबा, मग कान वर-मागे ओढा. कळ आली तर कानाच्या नळीची कातडी सुजली आहे. बोंडं घासून कातडी सोलवटते, आत घाम कोंडतो आणि जंतू वाढतात.

२. दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं ठेवून तोंड हळू उघडा-मिटा. तिथे कटकट लागली, दुखलं किंवा जबडा एका बाजूला सरकला, तर दुखणं जबड्याच्या सांध्याचं आहे. हा सांधा कानाच्या नळीच्या पुढच्या भिंतीला लागूनच असतो. मोठ्या मापाचं बोंड खोल कोंबलं की तिथे दाब येतो, त्यात काम करताना दात आवळून बसायची सवय असेल तर विचारूच नका.

पहिलं असेल तर ईएनटीकडून कान साफ करून ड्रॉप्स घ्यायचे. दोन-तीन दिवसांत ठणका उतरतो, पण कोर्स पूर्ण करा आणि अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवा. मेडिकलवाल्याकडून मनाने ड्रॉप्स आणू नका. खाज, दडा आणि काळसर ठिपक्यांचा ओलसर मळ असेल तर ती बुरशी असते. अँटिबायोटिक-स्टिरॉइडच्या ड्रॉप्सनी ती आणखी माजते. आणि पडद्याला भोक असेल तर काही ड्रॉप्स आतल्या कानाला घातक ठरतात.

कापूसकाडीबद्दल वेगळं सांगायला नको. इअरफोन आणि काडी मिळून मळ आत ढकलत नेतात, आणि पडद्यापाशी अडकलेल्या मळानेही कान वाजतो. तसं असलं तर मळ काढल्यावर तो भाग सुटतो.

टंकलेखक
उंचवटा दाबून दुखत नाही. तोंड उघडताना उजवीकडे कट वाजतं आणि बोटाखाली दुखतं.

भोरडी
मग जबडा. दोन आठवडे मऊ खा, च्युइंगगम आणि सुपारी बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा. दिवसातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं कोमट शेक. ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती, ती स्क्रीनसमोर बसल्यावर मुद्दाम आठवा. रात्री दात खात असाल तर डेंटिस्ट.

पोटमाळांनी केलेली विभागणी बरोबर, पण तिला एक अपवाद आहे. दात घट्ट आवळून बघा. शिट्टीचा सूर किंवा जोर बदलला तर तिच्यातही जबड्याचा आणि मानेचा वाटा आहे. अशांचा आवाज जबडा सैल झाल्यावर बरेचदा उतरतो.

उरलेल्या भागाबद्दल: आतल्या कानातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) थकल्या असतील तर एखाद्या रात्रीच्या गोंगाटानंतर त्या साधारण १६ ते ४८ तासांत सावरतात. रोजच्या माऱ्यातून आलेली शिट्टी आठवडे घेते. मेलेल्या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. सहा महिन्यांनंतरही टिकली तर ती कायमची समजून पुढचं ठरवायचं. तशा शिट्टीचाही त्रास बहुतेकांच्या बाबतीत कमी होतो, कारण मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. आधीचे १४-१६ तास मोठा आवाज नको, नाहीतर तात्पुरता थकवाच कायमची इजा म्हणून कागदावर येतो. ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासायला सांगा. आवाजाच्या इजेची खूण म्हणजे आलेखात ४००० च्या आसपास खाच आणि ८००० ला पुन्हा चढ. मुंबईत असाल तर त्यासाठी वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग ही श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. आलेख नॉर्मल आला म्हणून मोकळीक मिळाली असं समजू नका. पेशी आणि नस यांच्या जोडांची सुरुवातीची झीज या तपासणीत दिसत नाही.

रात्री पूर्ण शांतता टाळा. पंखा किंवा पावसाचा आवाज स्पीकरवर लावा, शिट्टीपेक्षा किंचित खाली. शिट्टी पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही.

गोळ्यांच्या मागे लागू नका. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची शिट्टीसाठी शिफारस होत नाही. बीटाहिस्टिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, पण चक्कर नसताना नुसत्या शिट्टीवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. झोप उडाली असेल तर सीबीटी (विचार आणि सवयी बदलणारी समुपदेशनाची पद्धत) हा त्यातल्या त्यात भक्कम आधार असलेला उपाय. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन रोज घेऊ नका, जास्त मात्रेत त्यांनीच कान वाजतात. पॅरासिटामॉल बरं.

थांबायचं नाही अशी लक्षणं: एका कानाने अचानक कमी ऐकू येणं. फोन आलटून पालटून दोन्ही कानांना लावला की कळतं. लोक दडा बसलाय म्हणून वाट बघतात आणि स्टिरॉइडची वेळ निघून जाते. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे, त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं, म्हणून त्याच दिवशी ईएनटी गाठा. गरगरणं किंवा चेहरा वाकडा होणं यालाही तेच. फक्त एका कानातली शिट्टी किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज असेल तर तपासणी टाळायची नाही.

खर्ज
कामाचं सांगतो. बोन कंडक्शनचा आवाज हाडातून जातो, पण पोचतो त्याच आतल्या कानात. नळी मोकळी राहते आणि जबड्यावर बोंडाचा दाब येत नाही, एवढाच फायदा. गर्दीत बाहेरचा आवाज आत येत राहतो, म्हणून व्हॉल्यूम उलट चढतो.

डब्ल्यूएचओचा हिशोब: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. तुमचे रोजचे आठ, सहा दिवस धरले तर आठवड्याचे ४८ तास ८० वर असले तर कोटा कामातच संपतो. ७५ वर आणले तर दोन पंचमांशही जात नाही. लोकलमध्ये मात्र रुळांच्या खडखडाटावर मात करायला लोक ९० च्या वर सहज जातात. तिथे नॉइज कॅन्सलिंग, नाहीतर गाणी बंद.

आयफोनवर सेटिंग्जमधल्या साउंड्स अँड हॅप्टिक्समध्ये हेडफोन सेफ्टी, त्यात रिड्यूस लाउड ऑडिओ (जुन्या आयओएसवर रिड्यूस लाउड साउंड्स) चालू करून ७५ वर आणा. सॅमसंगवर साउंड्सच्या व्हॉल्यूम पानावर तीन टिंबांखाली मीडिया व्हॉल्यूम लिमिट आहे. त्यात डेसिबल दिसत नाहीत, म्हणून शांत खोलीत शब्द जेमतेम स्पष्ट होतील तिथे ते अडकवा.

टायपिंगवाल्यांचा खरा घोळ रेकॉर्डिंगमध्ये असतो. एक जण पुटपुटतो म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा, मग दुसरा माइकला तोंड लावून बोलतो तो थेट कानावर आदळतो. फाइल ऐकायच्या आधी ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेसर हा इफेक्ट लावा, मग लिमिटर. दोघांचे आवाज जवळ येतात आणि व्हॉल्यूम दोन-तीन घरं खाली येतो. सध्या स्पीकरवरच काम करा. घरात चालत नसेल तर सैल पकडीचे, कानाभोवती बसणारे हेडफोन घ्या, उघड्या पाठीचे (ओपन-बॅक) मिळाले तर उत्तम. तासाला दहा मिनिटं कान मोकळे.

आणि घाबरून घरात दिवसभर इअरप्लग लावू नका, त्याने साधे आवाजही टोचायला लागतात. प्लग विसर्जनाच्या ढोल-डीजेपुरते. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद धरून ठेवा. बाहेरून अर्धा दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घाला.