८१ ने भागून बघा

काही जण म्हणतात की १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या उलटसुलट सारखी वाचता येते आणि १११११११११ चा वर्ग आहे, बाकी त्यात काही खास नाही. पहिल्या दोन गोष्टी मान्य, पण 'काही खास नाही' हे मान्य नाही. तिच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. म्हणजे ती हर्षद संख्या, स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी. 'हर्षद' हे नाव देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलेलं, आणि नुसत्या एक्क्यांचा वर्ग करून येणाऱ्या अशा संख्यांना 'डेम्लो' हे नावही त्यांचंच. शाळामास्तर माणूस, पण संख्यांची बारशी करण्यात हात धरणारा कोणी नाही! भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो. मधला ८ गायब. मूळ संख्येचे अवयव पाडले तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग, म्हणून (घातांकांत एकेक मिळवून गुणलं की) एकूण विभाजक ५×३×३ = ४५.

नऊच्या जागी दहा एक्के घेऊन वर्ग केला की मात्र हातचे येतात आणि डौल बिघडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८२, संख्या विषम, मग सम संख्येने भाग जाणार कसा? हर्षदपणाही गेला. मी हे पहिल्यांदा वहीत केलं तेव्हा गुणाकारच चुकला असं वाटून दोनदा खोडलं होतं.