युसेबियस: इतिहासकार की दरबारी बखरकार?

माहुलीकर (सातारा): पॅलेस्टाईनमधील कैसरियाचा चौथ्या शतकातला बिशप युसेबियस हा 'सम्राटाचा भाट' होता, त्याला इतिहासकार म्हणणे हीच थट्टा, असे काल येथे वाचले आणि गप्प राहवले नाही. त्याच्या दहा भागांच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) इतिहासात पेपियस, हेगेसिप्पस, क्वाड्रेटस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांचे जे उतारे आहेत, त्यांचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. हा गृहस्थ नसता तर मंडळीच्या पहिल्या तीन शतकांविषयी आपण चाचपडतच राहिलो असतो. त्याचा गुरू पाम्फिलस याला रोमी सत्तेने 310 मध्ये ठार मारले. अशा माणसाला ख्रिस्ती लोकांचा छळ थांबविणाऱ्या रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनविषयी कृतज्ञता वाटली, तर ती भाटगिरी कशी?

वसंतदादांच्या गावचा: 'भाट' हा शब्द माझा आहे आणि मी तो मागे घेणार नाही. त्याच इतिहासाच्या दहाव्या भागात सम्राटाचा मुलगा क्रिस्पस याचे गुणगान आहे. 326 मध्ये बापानेच त्याला मारविले. पुढे युसेबियसाने लिहिलेल्या सम्राटचरित्रात त्याचे नावसुद्धा नाही. शिवाय छळात डगमगलेल्यांविषयी लिहिणार नाही, उपयोगाचे तेवढेच सांगेन, असे तो आठव्या भागात स्वतःच म्हणतो. उपयोगाचे कोणी ठरवायचे? आमच्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी मी जुनी सभासद-वही उतरवून घेत होतो. एका पानावर अकरा नावांवर तांबडी रेघ आणि समासात 'वेगळे झाले' एवढेच. ते पान छापायचे नाही, असे समितीने ठरविले. त्या अकरांत माझे आजोबा होते.

राजपथ: आजोबांचा राग चौथ्या शतकातल्या बिशपावर काढण्यात काय हशील? सातारच्या दरबारातील मल्हार रामराव चिटणिसांची बखर आपण पारखून घेतो, फेकून देत नाही.

वसंतदादांच्या गावचा: राग काढतो म्हणे! ज्याच्या घरचे नाव गाळले गेले नाही, त्याला पारखण्याच्या गोष्टी सुचतात.

माहुलीकर (सातारा): आवाज चढविण्याचे कारण नाही. मीही अशाच एका समितीवर होतो आणि फुटीची पाने मीच गाळली, कारण दोन्ही बाजूंची नातवंडे समारंभाला पहिल्या बाकावर बसणार होती. क्रिस्पसाचे मौन मला समर्थनीय वाटत नाही, एवढे मान्य करतो. पण ते कळते.

वसंतदादांच्या गावचा: कळते तर मलाही. चरित्र लिहिले गेले तेव्हा, म्हणजे 337 नंतर, बाप मेला होता आणि गादीवर क्रिस्पसाचे सावत्र भाऊ होते. पहिल्या बाकावर तेच बसणार होते, नाही का?