भावाला विमान देखभालीत जायचंय: डिग्री करावी की थेट एएमई लायसन्स? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही पनवेलचे. धाकट्या भावाची यंदा बारावी झाली. पीसीएम होतं, मार्क चांगले आहेत. त्याला एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर व्हायचंय. दहावीपासून त्याचा हाच धोशा आहे. बाबांचा विरोध नाही, पण एक अट आहे: हातात डिग्री हवी. बाबा तळोज्याला कंपनीत फिटर आहेत. त्यांच्या हाताखाली काम शिकलेली पोरं डिग्रीच्या जोरावर पुढे त्यांचीच साहेब झाली. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही.

मला कळलंय ते असं. काम झाल्यावर विमान उड्डाणाला सोडायची सही करायची तर डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कार-६६ या नियमाखालचं लायसन्स लागतं, नुसत्या डिग्रीवर ती सही करता येत नाही. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाची विमानं: इंजिन, बॉडी, यांत्रिक आणि इलेक्ट्रिकल यंत्रणा. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रिकल यंत्रणा. कार-१४७ (प्रशिक्षण संस्थांसाठीचा नियम) मान्यता असलेल्या संस्थेतला बेसिक कोर्स २४०० तासांचा. प्रत्येक मॉड्यूलला, म्हणजे लायसन्सच्या एकेका पेपरला, पास व्हायला ७५ टक्के लागतात. शिवाय सेवेत असलेल्या विमानांवर २ वर्षांचा अनुभव.

आता घोळ इथे आहे. मुंबई विद्यापीठाची ३ वर्षांची बी.एस्सी. एरोनॉटिक्स आहे, ती एएमईच्या अभ्यासाला धरून चालते म्हणतात. दुसरा रस्ता बी.ई. मेकॅनिकल किंवा एरोनॉटिकल करून मग लायसन्सकडे वळायचं. तिसरा, डिग्री बाजूला ठेवून सरळ एएमई. एका संस्थेत चौकशीला गेलो तर "डिग्री प्लस लायसन्स, शंभर टक्के प्लेसमेंट" असं सांगितलं. लायसन्स नक्की कधी आणि कसं मिळतं विचारलं, तर "ते होऊन जातं हो". तिथेच मन खट्टू झालं. फी लाखांत आहे, बाबांचा पीएफ मोडायचा आहे. चुकीच्या ठिकाणी पैसे घालायचे नाहीत.

या क्षेत्रातलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी बी१.१ लायसन्सवर मुंबई विमानतळावर लाइन मेंटेनन्सला (उड्डाणांच्या मधली तपासणी आणि दुरुस्ती) आहे. तुमची माहिती बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो.

बी.ई. केल्यानं लायसन्सचे पेपर आपोआप माफ होत नाहीत. ४ वर्षं तिकडे आणि मग मॉड्यूल पहिल्यापासून, अशी गत होते. बी.ई. एरोनॉटिकल वाईट नाही, पण तिचा कल डिझाइन, स्ट्रेस, एरोडायनॅमिक्स याकडे. एअरलाइनमध्ये अशी मुलं टेक्निकल सर्व्हिसेस किंवा प्लॅनिंगला लागतात. तुमच्या भावाला हातात टॉर्च घेऊन विमानाखाली उभं राहायचंय की कॉम्प्युटरवर बसायचंय, हे आधी त्याला विचारा. आमचं काम बहुतेक रात्रीचं. विमान पार्किंगच्या जागी (बे) लागलं की फॅन ब्लेडवर बोट फिरवून कुठे खाच पडली आहे का बघायचं, टायरची झीज, ब्रेकची झीज दाखवणारी वेअर पिन, हायड्रॉलिकची गळती, पायलटनं टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहिलेली तक्रार सोडवायची आणि मग सही. त्या सहीची जबाबदारी पूर्ण आपली. पावसाळ्यातही ॲप्रनवरच, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर. ज्याला हे आवडतं, त्याला दुसरं काही आवडत नाही.

बाबांचं म्हणणं मात्र मला पटतं. पुढे एमबीए, परदेशात मास्टर्स किंवा पदवी मागणारी सरकारी नोकरी, तिथे लायसन्स पदवीची जागा घेत नाही. तेव्हा बी.एस्सी. आणि कार-१४७ कोर्स एकत्र करणं हा चांगला मार्ग आहे, पण एका अटीवर: २४०० तास खरेच पूर्ण व्हायला हवेत. त्यातला जवळपास निम्मा भाग प्रॅक्टिकलचा असतो. कॉलेजची हजेरी आणि वर्कशॉप यांचं वेळापत्रक लेखी मागा.

संस्थेचं नाव डीजीसीएच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः शोधा. मान्यता कुठल्या कॅटेगरीला आहे तेही बघा, कारण बी२ ची मान्यता असून बी१.१ ला प्रवेश घेतला तर काय उपयोग? सगळ्यात महत्त्वाचं, २ वर्षांचा अनुभव कुठे मिळणार हे विचारा. पोरं अडकतात ती इथेच. पेपर सुटलेले असतात, पण हँगरमध्ये कोणी उभं करत नाही. मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत ते विचारा आणि त्यांच्यापैकी कोणाशी तरी स्वतः बोला.

आणि लायसन्स मिळालं की लगेच एअरबस ए३२० विमानावर सही करता येते असं नाही. त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्याच प्रकारच्या विमानासाठीची पात्रता, वेगळं करावं लागतं. तोवर पगार बेताचाच असतो, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, पगाराचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. यादीत त्या संस्थेचं नाव आहे, पण कॅटेगरी तपासायची राहिली आहे. शनिवारी परत जातोय, वेळापत्रक आणि मागच्या बॅचच्या मुलांचे नंबर मागणार आहोत.

एकच विचारते. भावाचा ओढा वायरिंग आणि सर्किटकडे जास्त आहे, घरातला मिक्सर, इन्व्हर्टर सगळं तोच उघडतो. त्यानं बी२ घ्यावं का? मुंबईत बी२ वाल्यांना अनुभवाची जागा मिळणं जास्त अवघड जातं का? बी२ वर काम करणारं कोणी इथे असेल तर नक्की लिहा.