टायर: पावसाळ्याचा वेगळा सेट घ्यावा का? (मदत हवी आहे)

मेढेकर: टायर रविवारी बदलायचेत. भाचा जर्मनीत असतो. तिकडे उन्हाळ्याचे वेगळे, हिवाळ्याचे वेगळे, म्हणून मामा तुम्हीपण पावसाळ्याचा एक सेट ठेवा म्हणतो. दुकानदार म्हणतो बारमाही टाका, विषय संपवा. केळघर घाटाने महाबळेश्वरला सारखं जाणं असतं. कोणाचं ऐकू? गूगल करा म्हणू नका.

बोगदा_कट्टा: गाडी कुठली? साइज? रनिंग किती?

मेढेकर: साधी स्विफ्ट हो. त्याने काय फरक पडतो?

थार_वाला: ए/टी टाका, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारे ऑल-टेरेन. मी टाकलेत, चिखलात कुठंही घाला गाडी.

बोगदा_कट्टा: त्यांना डांबरावरनं जायचंय, शेतातनं नाही.

वाईकर: भाचा त्याच्या जागी बरोबर आहे. पारा ७ अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, पकड जाते. हिवाळी टायरचं मऊ राहतं. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर तसे टायर कायद्यानेच लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं चालत नाही, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. ते चिन्ह असलेले बारमाही टायरही तिथे चालतात. आपल्याकडे असलं मऊ रबर मे महिन्यात भराभर झिजेल. पावसाळ्यासाठी वेगळा सेट लागत नाही, ओल्यात धरणारा चांगला टायर बाराही महिने चालतो.

पुसेगावकर: वेण्णा लेकला हिमदव पडतं की!

वाईकर: गवतावर आणि गाडीच्या टपावर, तेही पहाटेपुरतं. त्याला चार टायर घ्यायचे?

हवाभाऊ: नायट्रोजन भरा. टायर गार राहतो.

मेढेकर: हवेचं कुणी विचारलंय का?

वाईकर: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, भाऊ. आठवड्याला प्रेशर बघा, तेवढं पुष्कळ.

बोगदा_कट्टा: आत्ताचे टायर किती जुने? टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे सांगा, ती बनवल्याची तारीख. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.

मेढेकर: पुढे ३११७, मागे २२२१. पण नक्षी झकास आहे, गोटा झालेले नाहीत.

बोगदा_कट्टा: पुढचे २०१७ चे! नक्षी राहू दे, रबर वाळलंय. बाजूला बारीक चिरा दिसतील बघा. नक्षीचं म्हणाल तर कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर, पण घाटातल्या पावसात ३ च्या खाली मी तरी जाणार नाही. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडत नाही, गाडी पाण्यावर तरंगते.

मेढेकर: मग दोनच घेतो. पुढे टाकतो.

थार_वाला: बरोबर, ओढणारी चाकं पुढचीच.

वाईकर: नाही! नवे मागे, २०२१ चे पुढे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेकदा सावरते. मागची सुटली तर वळणावर गरकन फिरते, मग स्टेअरिंग धरून बसा नुसतं.

थार_वाला: आमचा मिस्त्री वीस वर्षं पुढेच टाकतोय.

वाईकर: टाकू दे. केळघरला तो येणार आहे का तुमच्याबरोबर?

मेढेकर: भांडू नका राव. कंपनी कुठली घेऊ ते सांगा.

बोगदा_कट्टा: साइज!!

पुसेगावकर: जुने दोन टाकून देणार असाल तर एक मला ठेवा. पोरांना झोपाळा करायचाय.