मदत हवी आहे: झेक आजी-आजोबांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी सध्या झेक रिपब्लिकमधल्या ब्रनो शहरात स्टुडंट एक्सचेंजवर आहे, इथे कोणी राहून आलेलं असेल तर प्लीज सांगा. माझ्या वयाच्या मुलांशी काही प्रॉब्लेम नाही, इंग्लिश फाडफाड बोलतात, सुरुवातीला जरा तुटक वाटतात पण एकदा बिअरला बसलं की झालं. त्यांच्या आईवडिलांचं मात्र समजत नाही, १९८९ ला कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा हे लोक शाळेत किंवा फार तर कॉलेजात होते, शाळेत सक्तीने रशियन शिकलेले, आणि इंग्लिश येत असलं तरी चुकेल म्हणून बोलतच नाहीत.

आता रूममेटने वीकेंडला त्याच्या आजीआजोबांच्या गावाबाहेरच्या छोट्या घरी बोलावलंय, जंगलात मशरूम गोळा करायला जायचंय (इथे हे जवळजवळ सगळेच करतात). आमच्या बिल्डिंगमधल्या आजी लिफ्टमध्ये 'दोब्री देन' (म्हणजे नमस्कार) म्हणतात आणि मग थेट माझ्या बुटांकडे बघतात, त्यामुळे थोडी धाकधूक आहे. घरात शिरताना बूट काढायचे हे माहितीये, ते आपल्यासारखंच. फुलं न्यायची तर विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला, हेही कळलं.

पण १९६८ ला सोव्हिएत रणगाडे देशात घुसले तेव्हाचं आजोबांना विचारलेलं चालेल का, की ते स्वतःहून बोलेपर्यंत गप्प बसू? आणि मी व्हेज आहे, आजीने आग्रहाने मांसाचं वाढलं तर वाईट न वाटता नाही कसं म्हणायचं?