थिबाची मुलगी ‘पळाली’ म्हणणाऱ्यांसाठी

कोकणकन्या
ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत कैदेत ठेवलं होतं, त्याच्या इथल्या थिबा पॅलेसच्या फोटोंखाली काल कुणीतरी लिहिलं, ‘दुसरी राजकन्या नोकराबरोबर पळाली आणि त्या धक्क्याने बाप गेला.’ रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. नोकर कोण? तो राजाचा चिटणीस होता, त्यांच्याच देशातला. आणि पळाली म्हणायला ती काय सोळा वर्षांची होती? 1882 चा जन्म. तीन वर्षांची असताना इंग्रजांनी मंडालेहून आईबापांसकट उचलली. लग्न 1917 चं, म्हणजे चौतिशी गाठल्यावर. राजाला जावई राजघराण्यातलाच हवा होता. तसा मुलगा रत्नागिरीत येणार कुठून? पोरींचं वय निघून चाललं होतं, ते कुणी पाहायचं?

इतिहासवेडा
ती प्रतिक्रिया माझीच. बापाच्या जागी उभं राहून बघा जरा. राज्य गेलं, देश गेला, सरकारी पेन्शनवर दिवस काढले. हातात उरलं होतं फक्त कूळ. थिबा डिसेंबर 1916 मध्ये गेला, अवघ्या 57 व्या वर्षी. मुलीच्या हट्टाचा त्याला काहीच त्रास झाला नसेल?

कोकणकन्या
झाला असेल. पण एकतीस वर्षांची कैद सोडून तुम्ही मरण मुलीच्या माथी मारताय! आणि कुळाचं म्हणाल तर तिच्या आईचं, सुपयालत राणीचंच बघा. राजाने पुष्कळ राण्या करायच्या ही त्यांची जुनी रीत, ती हिने आपल्या नवऱ्याला पाळू दिली नाही. स्वतःच्या संसारात रीत मोडलेली चालली, मुलीने मोडली की घराला बट्टा?

भाट्ये_खाडी
तुम्ही दुसरीवरून भांडताय, आमच्या गावाला आठवते ती थोरली. गोपाळ सावंत बंगल्यावर दारवान होता. त्याच्यापासून तिला 1906 साली टूटू ही मुलगी झाली. 1919 ला घरचे रंगूनला परतले, थोरलीही गेली, पण पुन्हा इथेच आली आणि 1947 ला इथेच वारली. टूटूला मराठीच येत होतं. ब्रह्मी राजाची नात शेणी थापून, कागदाची फुलं करून पोट भरत होती, 2000 साली गेली. दुसरी तरी नवऱ्याबरोबर कालिम्पोंगला सुखाने राहिली. तुमचा कळवळा कुणासाठी हवा ते ठरवा.

मिरकरवाडा
आणि गोपाळच्या लग्नाच्या बायकोचं काय? तो आधीच संसारी होता. राजकन्येवर पानंच्या पानं लिहितात, त्या बाईचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.

भाट्ये_खाडी
त्यात राजकन्येचा काय दोष? कुंपणाबाहेरचं जग पाहिलेलंच नाही, त्या पोरीला फसवणारा तो.

मिरकरवाडा
पंचवीस वर्षांची बाई ‘पोरगी’ कशी? मुंबईची माणसं येतात, पॅलेसच्या रंगीत काचांपुढे फोटो काढतात आणि आमच्या माणसाला फसवा ठरवून जातात. गरीब दारवान, म्हणून सगळं पाप त्याचं?

भाट्ये_खाडी
मी मुंबईचा नाही, जन्मापासून खाडीकाठी राहतोय. तोंड सांभाळून बोला.

इतिहासवेडा
विषय दुसऱ्या मुलीचा आहे. घर मोडून केलेल्या लग्नाची किंमत घरचे मोजतात, एवढंच मी म्हटलं होतं.

कोकणकन्या
मग घरातलंच सांगते. माझ्या आत्याने 1983 ला मनाविरुद्ध लग्न केलं. आजोबांनी रेशनकार्डावरचं तिचं नाव स्वतः जाऊन कमी करून आणलं. आजी दर मे महिन्यात आमसुलांची बरणी फडक्यात बांधून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. आत्या रिकामी बरणी धुऊन त्याच गाडीने परत पाठवायची. आठ वर्षं असं चाललं. आजोबांना ते दिसत होतं, बोलले कधीच नाहीत. ही किंमत आत्याने लावली का आजोबांनी?

इतिहासवेडा
‘नोकर’ हा शब्द मागे घेतो, चूक होती. ‘पळाली’ही काढतो. बापाच्या दुःखाबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

मिरकरवाडा
शब्द मागे घ्यायचेच तर वर ‘फसवणारा’ही आहे.

भाट्ये_खाडी
मी घेणार नाही. बायकोचं नाव कुणी विचारलं नाही, हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे.