तीन आठवड्यांच्या बाळाची कावीळ: दोष दुधाचा की यकृताचा?

नर्सिंग_ट्यूटर:
जीएनएमच्या (नर्सिंग पदविकेच्या) मुलींना शिकवण्यासाठी हे उदाहरण घेतलंय. पूर्ण दिवसांचं बाळ, वय १८ दिवस, फक्त अंगावर पितं. वजन रोज ३० ग्रॅम वाढतंय, शी पिवळीधमक. एकूण बिलिरुबीन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) १२.८ मिग्रॅ/डेसिलिटर, त्यातलं डायरेक्ट (यकृताने प्रक्रिया केलेलं) ०.४. कारण म्हणून आईच्या दुधातला एकेक पदार्थ दिलाय: एका पुस्तकात प्रेग्नेनडायॉल (संप्रेरकापासून बनणारा पदार्थ), दुसऱ्यात बीटा-ग्लुकुरोनिडेज (एक एन्झाइम), तिसऱ्यात फॅटी ॲसिड. खरं कुठलं? आणि 'दोन दिवस अंगावर पाजू नका' या सल्ल्याला काही आधार आहे का?

पित्तरस:
आधी हिशेब मांडा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन मोडलं की साधारण ३५ मिग्रॅ बिलिरुबीन तयार होतं. बाळाच्या तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या १२० दिवस टिकत नाहीत, ७० ते ९० दिवसांतच मोडतात. त्यामुळे बाळात रोज किलोमागे ८ ते १० मिग्रॅ बिलिरुबीन बनतं, मोठ्या माणसात ३ ते ४. ते पाण्यात विरघळावं म्हणून यकृतात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडावं लागतं. हे काम करणारं एन्झाइम, यूजीटी१ए१, जन्मतः प्रौढाच्या जेमतेम १ टक्का असतं आणि पूर्ण क्षमतेला यायला १४ आठवडे घेतं. ही अडचण सगळ्याच बाळांची, वरचं दूध पिणाऱ्यांचीही.

फरक पडतो तो आतड्यात. जोडलेलं बिलिरुबीन पित्तातून आतड्यात उतरतं. आपल्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोबिलिनोजेन करून टाकतात, बाळाकडे ते जिवाणू अजून पुरेसे नसतात. उलट बीटा-ग्लुकुरोनिडेज ते आम्ल तोडून काढतं. सुटं झालेलं बिलिरुबीन स्निग्धात विरघळणारं, त्यामुळे ते भिंतीतून शोषलं जाऊन पोर्टल शिरेतून पुन्हा यकृताच्या दारात येतं. हे एन्झाइम बाळाच्या आतड्यात असतंच, आईच्या दुधातूनही भरपूर येतं. फॉर्म्युल्यात ते जवळपास नसतं.

प्रेग्नेनडायॉल यूजीटी१ए१ ला अडवतं, ही कल्पना १९६० च्या दशकातली. पुढच्या तपासण्यांत तो पदार्थ सातत्याने सापडला नाही, तेव्हा पुस्तकातलं ते वाक्य इतिहास म्हणून वाचा. फॅटी ॲसिडचं प्रकरण जरा फसवं आहे. ती परीक्षानळीत यूजीटी१ए१ ला अडवतात हे खरं, पण दूध साठवून ठेवलं की त्यातलं लायपेज हे एन्झाइम स्निग्धांश फोडत राहतो आणि फॅटी ॲसिड वाढतात. म्हणजे जुन्या नमुन्यात जे दिसतं ते बाळाच्या पोटात तितकंच घडतं असं नाही.

मग सगळ्याच बाळांना का होत नाही? इथे जनुक येतं. यूजीटी१ए१ च्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात टीए या डीएनएच्या अक्षरजोडीची ६ ऐवजी ७ आवर्तनं असली की एन्झाइम कमी बनतं. गिल्बर्ट सिंड्रोमचा (बिलिरुबीन जन्मतःच किंचित वाढलेलं राहण्याचा) हा प्रकार भारतात सर्रास आहे. जपानी बाळांत याच जनुकातला वेगळा बदल सापडतो, २११ व्या जागी जीऐवजी ए. थोडक्यात, दूध परतीची वाट मोकळी करतं आणि मंद यकृत मागे पडतं. एकच गुन्हेगार शोधू नका.

नवजात_कक्ष:
मॅडम, मुलींना आधी दोन काविळी वेगळ्या करायला शिकवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढणारी कावीळ बहुतेकदा दूध कमी पोचल्याची असते. काळी शी अडकून राहते, तिच्यात रोजच्या निर्मितीच्या कैकपट बिलिरुबीन असतं आणि ते परत शोषलं जातं. वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर हीच शंका घ्या. उपाय: दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं, तोंडात नीट धरतंय का पाहणं, गरज पडल्यास दूध काढून वाटी-चमच्याने देणं. ग्लुकोजच्या पाण्याने बिलिरुबीन उतरत नाही, पोट मात्र भरतं. बाळगुटीचंही तेच, आणि वर मध चाटवला तर बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका.

तुमचं उदाहरण दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे 'दुधाच्या काविळी'चं: दूध भरपूर पोचतंय, वजन वाढतंय, तरी कावीळ रेंगाळते. दूध २४ ते ४८ तास थांबवलं की आकडा झपकन उतरतो आणि पुन्हा सुरू केल्यावर सहसा पूर्वीइतका चढत नाही. म्हणून पूर्वी हे निदानासाठी करायचे. १२.८ साठी त्याची काही गरज नाही, आईचं दूध आटण्याचा धोका तेवढा पदरात पडतो. आकडा वयानुसारच्या मर्यादेवर गेला तर ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश द्यायचा आणि पाजणं चालू ठेवायचं. प्रकाशाने बनणारं बिलिरुबीनचं रूप, ल्युमिरुबीन, ग्लुकुरोनिक आम्लाशिवायच बाहेर पडतं. कोवळं ऊन हा उपचार नव्हे, त्याची मात्रा मोजता येत नाही.

नर्सिंग_ट्यूटर:
म्हणजे डायरेक्ट ०.४ आलं की निर्धास्त?

नवजात_कक्ष:
पित्तमार्ग बंद असण्याबाबत बऱ्यापैकी. दोन आठवड्यांनंतरही पिवळ्या दिसणाऱ्या प्रत्येक बाळाचं डायरेक्ट बघायचंच. १ च्या वर गेलं, शी चुन्यासारखी झाली किंवा लघवीचे लंगोटावर पिवळे डाग पडू लागले तर त्याच आठवड्यात पुढे पाठवा. पित्तनलिका बंद असेल तर कासाई शस्त्रक्रिया (आतडं थेट यकृताला जोडण्याची) ६० दिवसांच्या आत झालेली बरी.

पित्तरस:
डायरेक्ट कमी असूनही दोन गोष्टी निसटतात. एक, जी-६-पी-डीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले जुने कपडे घातले की नॅफ्थलीनमुळे पेशी फुटतात, आकडा अचानक उसळतो. दोन, थायरॉइड. ते कमी असेल तर यूजीटी१ए१ आणखी मंदावतं आणि सगळं चित्र अगदी 'दुधाच्या काविळी'सारखं दिसतं. नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताची थायरॉइडसाठीची तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून १८ व्या दिवशी टीएसएच आणि टी-४ (थायरॉइडच्या चाचण्या) केलेलं नाही असं कळलं तर त्याच सुईत पाठवा.